नळ्यांची झुडपं

दस्तगीर, पाइप फिटर, तालुका कवठे महांकाळ. त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं.

मूळचा कुटला म्हनून इचारताय, तर जलम माजा माधवनगरचा. अब्बा तितं गिरणीत हुतं, सुताच्या खात्यात, आन आमी चाळीत. नळाला पानी यायचं, शाळा जवळ हुती, बरं चाललं हुतं. मंग गिरणी बंद पडली आन अब्बा आमाला घिऊन हिकडं गावाकडं आलं. मी आठवीत हुतो तवा. काय सांगू तुमाला, माधवनगरात तोटी फिरवली की पानी, आन हितं अम्मी घागर घिऊन पार वड्यापातूर जायाची, वड्यात झरा उकरायचा, वाटीनं पानी भरायचं. माज्या दोन भनी रडायच्या, आमाला हितं न्हाई ऱ्हायाचं म्हनायच्या. अब्बा काय बोलायचं न्हाईत. गिरणीत असताना लय बोलायचं, हितं आल्यावर बोलनंच कमी झालं त्येंचं.

शाळा तितनंच सुटली. मी एका बोअरच्या मोटरी काडनाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली लागलो, पाइप वडायचं, पाना धरायचा, आसं करत करत फिटर झालो. मंग ह्या भागात द्राक्षं आली, द्राक्षाच्या मागनं ठिबक आलं, आन ठिबकच्या मागनं ही शेततळी आली. ज्याच्या त्याच्या रानात तळं. बघितली असतील तुमी, चारी बाजूनी भराव घालायचा आन आत काळा कागद आंथरायचा, प्लास्टिकचा, जाड, आमी त्येला कागदच म्हनतो. कालव्याला पानी आलं की भरून ठिवायचं आन त्येच्यावर बाग जगवायची. आता माजं वय साठीला आलं, सगळा जलम पान्याच्या धंद्यात गेला, पर खरं सांगू का, मला पवायला येत न्हाई. हसू नगा. कुटं शिकनार? वड्यात वाटीनं पानी भरनारी आमी मानसं.

आता आप्पांचं सांगतो, कारन तुमी ज्या माशांचं इचारायला आला, ते सगळं आप्पांच्यापासनंच. आप्पा म्हंजी रिटायर हवालदार, मराठ्याचं घर, चोवीस वर्सं फौजेत काडली. आमच्या गावात घरटी एक मानूस फौजेत हाय, त्येचं नवल न्हाई, पर आप्पांचं येगळंच. त्येंची बरीच नोकरी आसामकडं झाली, आन तितं त्येंनी मासं बघितलं. तितं घराघराम्होरं डबकं आसतं आन डबक्यात मासं, ते सांगायचं मला. रिटायर हून आलं, द्राक्षबाग लावली, बागंसाठी तळं केलं, तळ्याचं सगळं पाइपाचं काम मीच केलं. पयलं पानी सोडलं त्या दिवशी आप्पा काठावर हुबं ऱ्हायलं आन म्हनलं, दस्त्या, एवढं पानी आन आत कोनच न्हाई, बरं दिसत न्हाई गड्या. आन गेलं आन पिशवीतनं माशाची पिल्लं घिऊन आलं. कटला, रोहू आन त्यो सायप्रन का काय म्हनत्यात त्यो.

काकी, म्हंजी आप्पांची मालकीन, ती माळकरीन. रहिमतपूरचं म्हायेर तिचं. तिकडं पाटाचं पानी, ऊस, सगळं हिरवं, तितनं ह्या माळावर लगीन हून आली, आन कवा कुरकुर केली न्हाई. पर मासं म्हनल्यावर तिनं आप्पाला सरळ सांगितलं, ठिवा पर माज्या घरात आनायचं न्हाईत, आन मारायचं न्हाईत. आप्पा म्हनलं, मारतंय कोन, मी बगायला आनल्यात. आन खरंच बगायचं. सकाळी उठलं की तळ्यावर, दुपारी जेवान तितंच. पोरगी एकच, ती लगीन हून लांब दिलेली, बाग पुतन्या संजय बगतो. आप्पाला काम असं ऱ्हायलं न्हवतं. छातीत डाक्टरनी दोनदा स्प्रिंग बशिवलेली, पळायचं न्हाई, वज्जं उचलायचं न्हाई म्हनून सांगितलेलं.

आन मंग पानकावळं आलं. काळं, लांब मानंचं पाखरू, पान्यात बुडी मारतंय आन मासा घिऊनच वर येतंय. पयल्या दिवशी दोन, आठ दिवसात पन्नासभर. आता नदी असंल, जुना तलाव असंल, तर तितं मासा दगडाच्या कपारीत शिरंल, गवतात शिरंल. आप्पांच्या तळ्यात काय? ताटावानी साफ. कागद सोडून आत काडी न्हाई. मासा पळून पळून पळनार कुटं, ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात. आप्पा गलोल घिऊन भरावावरनं पळायचं. बाहात्तर वर्साचा मानूस, छातीत स्प्रिंग, वरडत पळतोय, आन त्यो कागद वला झाल्यावर साबनासारखा, पाय घसरला की मानूस आत, आन आत गेला की धरायला काय न्हाई, पवनारा सुदीक वर येत न्हाई. आसं झालेलं हाय आमच्या भागात, एकदा न्हाई लय येळा.

काकीनं मला बोलवून घेतलं. सोप्यात बशिवलं, च्या दिला आन म्हनली, दस्तगीर, एक तर तुज्या आप्पाला तळ्यावरनं हलीव, न्हाईतर त्या पाखरांस्नी हलीव, पर काय तर कर रं बाबा, मला दिसभर चुलीम्होरं बसवत न्हाई, कान सगळा तळ्याकडं. आन तिच्या डोळ्याला पानी आलं. कवा रडलेली बघितली न्हवती तिला. मी म्हनलं काकी, करतो काय तर. म्हनलं खरं, पर काय करायचं ठावं न्हवतं.

वरनं जाळी का न्हाई टाकली म्हनशीला. टाकली की. आमच्या माळाचा वारा तुमी बघितला न्हाई, दोन दिवसात जाळी शेजारच्या बोरीवर.

तर एक दिवस मी तळ्यावर मोटरीची जाळी साफ करायला गेलतो. भरावावर ठिबकच्या जुन्या नळ्यांचं एक भेंडोळं पडलेलं, ते कवातरी घसरून अर्धं पान्यात गेलेलं. मी ते वडायला वाकलो, आन बघतो तर त्या भेंडोळ्याच्या सावलीत मासंच मासं, एकाला एक चिकटून, हलत न्हाईत. वर पानकावळा बुड्या मारतोय आन ही हितं गप. मी हात मागं घेतला. आप्पाला हाक मारली, आप्पा आलं, गुडघ्यावर बसलं आन बगतच ऱ्हायलं. म्हनलं, दस्त्या, ह्येंना घर पायजे रं. आपुन तळं दिलं आन घर दिलंच न्हाई.

तितनं सुरू झालं बगा.

पयल्यांदा आमी येडेपना केला. छाटनीच्या द्राक्षाच्या काड्या पडल्या हुत्या, त्येंच्या पेंड्या बांधल्या, दगड बांधून सोडल्या. चार दिवस लय झाक, मासं आत शिरलं, आप्पा खूश. पंधरा दिवसात काड्या कुजल्या, पान्याला वास सुटला, सकाळी मासं वर यिऊन त्वांड उघडझाप करायला लागलं, काय मेलं बी. पेंड्या वडून काडल्या, ठिबकचा फिल्टर सगळा चिकाटलेला, संजय माज्यावर चिडला. दस्तगीरकाका, बागंचं पानी हाय ते, मासं तुमचा खेळ हाय, म्हनला. बरुबर हाय त्येचं बी. बागंवर घर चालतंय.

मंग मी इचार केला, कुजनारं नगंच. ठिबकच्या जुन्या नळ्या तर गावभर पडलेल्या, उकिरड्यावर, बांधाला, लोकं जाळत्यात, त्येचा काळा धूर. मी त्या गोळा केल्या. रंगाच्या रिकाम्या बादल्या आनल्या. नळीचं हात-हात, दोन-दोन हात तुकडं कापायचं, टोकं विस्तवावर दाबून गुळगुळीत करायची, बादलीत सिमिट कालवून वतायचं आन त्येच्यात ह्या नळ्या रोवायच्या, चारी बाजूला फाकवून. वाळलं की झुडूप. काळं झुडूप. माजी मालकीन मुमताज, ती म्हनली, ये क्या जी, अंगन में कांटोंका बाग लगाये? घरात आमी आसं बोलतो, तुमच्यासंगं मराटी. अंगनात पाय ठिवायला जागा न्हवती, चौदा बादल्या. पर तिनंच नळ्या धरल्या, मी सिमिट वतलं. आप्पा खुर्ची टाकून बसायचं, फौजेतल्यावानी हुकूम सोडायचं, ती वाकडी झाली बघ, ती सरळ कर.

दोरीनं बांधून एक एक बादली सोडली. काय सांगू तुमाला, तिसऱ्या दिवशी पानकावळं बुडी मारायचं आन रिकामं वर यायचं. बुडी मारायचं आन रिकामं. महिन्यात निम्मी पाखरं दुसरीकडं गेली. आप्पानी गलोल खुंटीला लावली. काकीनं मला पुरनपोळी खायाला घातली, सन न्हाई वार न्हाई.

आता म्होरचं सांगायला मला अजून जड जातं, पर तुमी लिवताय तर खरं लिवा.

मार्गशीर्षात, द्राक्षाचा मनी फुगायच्या टायमाला, तळ्याचं पानी उतरायला लागलं. रोज ईतभर. मोटर चालू नसताना सुदीक. भरावाच्या भायल्या अंगाला, खाली शाळूच्या वावरात वल फुटलेली. म्हंजी कागद फाटला. कालव्याचं पानी यायला अजून दीड महिना, आन मनी फुगायचं दिवस, तवा पानी गेलं म्हंजी वर्स गेलं. संजय पिसाळल्यागत झाला. भरावावरचं गवात आदल्या आठवड्यात हौसाबाईनं कापलेलं. हौसाबाई म्हंजी आप्पांच्या रानात रोजानं येनारी, वीस वर्सं तितंच, नवरा न्हाई, एकटीच्या जिवावर दोन पोरी उजवलेल्या. संजय तिला म्हनला, तुजं खुरपं लागलं कागदाला, दुसरं कोन गेलंय तितं, उद्यापासनं येऊ नगं. ती न्हाई न्हाई म्हनत हुती, ऐकून कोन घेतंय.

मला तवा ते ठावं न्हवतं. मी फाट कुटं हाय ते बगायला गेलतो. म्हनलं झुडपं जरा बाजूला घिऊ, तर उताराजवळची एक बादली दोरीनं वडली, ती वर आली. आन बादलीला कडी. लोखंडी तारंची. बाकीच्या तेरा बादल्यांच्या कड्या मी काडून टाकल्या हुत्या, ही एक ऱ्हायली. वाऱ्यानं पानी हालतंय, पान्यासंगं नळ्या हालत्यात, नळ्यासंगं बादली उतारावर घासली, कडीचं टोक निसटून सरळ झालेलं, आन त्या टोकाला काळ्या कागदाची चिंदी. एवढी. बोटाएवढी. आजूबाजूला कोन न्हवतं. ती कडी उपसली आन खिशात घातली.

घरी आलो. मुमताजनं ताट वाढलं, मी नुसती भाकरी मोडत बसलो. क्या हुवा, म्हनली. कायनै म्हनलं. तीच मंग म्हनली, हौसा को काम पे से निकाले बोलते, तळे का कागद फाडी बोलके. मी ताटावरनं उठलो.

आता खोटं कशाला बोलू, त्या घडीला माज्या मनात आलं हुतं, गप बसावं. कोन बगनार हाय? घुशीनं कुरतडलं म्हनलं तरी लोकं मानत्यात. तीस वर्सांचं नाव माजं, दस्तगीरनं जोडलेलं गळत न्हाई म्हनत्यात लोकं, आन मीच फाडला म्हनून कळलं तर पाइपाला हात लावू दील का कोन?

सकाळी निघालो तर वाटंतच हौसाबाईचं घर. ती उंबऱ्यावर बसलेली, कामाचा वकुत झालेला, खुरपं म्होरं ठिवलेलं आन त्येच्याकडं बगत बसलेली. मला बगून उठली आन म्हनली, भाई, तुमी तरी सांगा ओ आप्पास्नी, मी वरच्या अंगाला गेलीच न्हाई, खालनंच गवात कापलं, माज्या पोरीची आन. पोरीची आन घेतली तिनं. माज्या खिशात कडी.

मी तसाच तडक आप्पांच्या सोप्यात गेलो, कडी काडून त्येंच्याम्होरं जोत्यावर ठिवली आन म्हनलं, आप्पा, कागद मी फाडला. हौसाबाईनं न्हाई. ह्या कडीनं. काडायची ऱ्हायली माज्याकडनं.

संजय तितंच हुता. त्यो लय बोलला. बोलू दिलं. काकी दारात हुबी, पदर तोंडाला. आप्पा कडी हातात घिऊन उलटी पालटी करून बगत हुतं. मंग वर न बगता म्हनलं, संजू, बास. मानूस आपल्या पायानं यिऊन सांगतोय. ते राहू दे, आदी हौसाला कोन बोलवून आनतंय? संजय खाली बगायला लागला. काकीनं चपला घातल्या आन सोता गेली. माळकरीन बाई, कवा कुनाच्या दारात जात न्हाई, ती गेली आन हौसाबाईच्या हाताला धरून घिऊन आली. संजयनं हात जोडलं तिला. ती लय रडली. मंग म्हनली, आवं पर पानी जातंय न्हवं, आदी ते बगा की.

तवा आमी भानावर आलो. फाट पान्याखाली, कमरंएवढ्या पान्यात, उतारावर. ट्रॅक्टरची टूब फुगवली, माज्या कमरंला दोर बांधला. आप्पा म्हनलं तुला पवायला येत न्हाई, दुसरं कोन तर जाऊ दे. म्हनलं न्हाई आप्पा, मीच जानार. दोराला संजय, हौसाबाई आन आप्पा. काकी घराकडनंच वरडली, तुमी धरू नगा, तुमच्या छातीत स्प्रिंग हाय, पर ऐकलं न्हाई त्येंनी. पान्यात उतरलो आन पाय गेला की सरकन, गळ्यापातूर पानी, जीव हितं आला. आन वरनं आप्पांचा आवाज, दस्त्या, खाली बगू नगं, माज्याकडं बग, दोर हाय माज्या हातात. त्यो आवाज मी इसरनार न्हाई. चाचपत चाचपत फाट घावली, हातभर लांब. त्येच्यावर कागदाचा मोटा तुकडा दाबला, तुकड्यावर वाळूच्या पिशव्या एकावर एक. चारदा आत गेलो, चारदा वर आलो. दुसऱ्या दिवशी बघितलं, पानी थांबलं हुतं. पानी पुरवून पुरवून दिलं, मनी जरा बारीक ऱ्हायला पर बाग आली. पान्याची पातळी उतरल्यावर मशीनवाल्याला आनून पक्का जोड दिला.

आता ती बादल्यांची भानगड मी सोडली न्हाई, लोकास्नी वाटलं सोडंल. आप्पाच म्हनलं, घर मोडलं म्हनून मानूस ऱ्हायाचं सोडतोय का. सगळ्या बादल्या भाईर काडल्या, जुन्या टूबंचं रबर कापून प्रत्येक बादलीला खालनं वरनं गुंडाळलं, तार न्हाई, खिळा न्हाई, धार न्हाई. आन दोरीची टोकं जुनी झालेली, ती उसवून मोकळी केली, नळ्यांच्या शेंड्याला झुपक्यावानी बांधली, का तर दिसायला बरी. खरंच, दुसरं कारन न्हवतं.

संक्रांत झाली, थंडी जायला लागली, आन एक दिवस मी दोरी वर वडली तर झुपक्याला बारीक बारीक मनी चिकटलेलं, राजगिऱ्याएवढं, पिवळट. मला वाटलं काय तर रोग पडला, बुरशी आली. मी ते धुवून काडायला लागलो. आप्पानी माजा हात धरला. थांब. आसामात बघितलंय मी, अंडी हाईत ती. मासोळी आपल्या घरात बाळतीन झाली रं, म्हनलं. सायप्रन हुता तो, सायप्रन आसं अंडी चिकटवतो म्हनं, त्येला चिकटवायला काय तर लागतंय. आमच्या साफ तळ्यात त्येला आजवर कायच घावलं न्हवतं. दोरी हळूच परत सोडली. चार-पाच दिवसानं बघितलं तर झुडपाच्या भवतीनं डोळं, नुसतं डोळं, काजळाच्या टिपक्यावानी, हलत्यात. आप्पा माज्या खांद्याला धरून हुबं ऱ्हायलं.

काकी तवा पयल्यांदा तळ्यावर आली. एवढ्या वर्सात आली न्हवती. काठावर बसली, बघितलं, आन पदराच्या गाठीतनं कणकीच्या गोळ्या काडल्या. येतानाच करून आनलेल्या. बारक्यांस्नी बारकी लागत्यात म्हनून चुरून टाकायला लागली. मला म्हनली, बाळतिनीच्या घरी रिकाम्या हातानं कसं यायचं.

ह्येला आता बरीच वर्सं झाली. आता मला लांबलांबची लोकं बोलीवत्यात, तासगावच्या अंगाची, जतकडची, झुडपं करून द्या म्हनत्यात. मी करून देतो, शिकीवतो बी, लपवायचं काय त्येच्यात. कुनी म्हनतं नळ्या उब्या लावू का आडव्या, कुनी म्हनतं किती लावू. मी म्हनतो कशा बी लावा, मासा काय मोजायला बसत न्हाई, पर आदी बादलीची कडी काडा. ती काडलेली मला दावा, मंगच सिमिट कालवा. हौसाबाईला आता रानातलं हुत न्हाई, गुडघं गेल्यात. सांच्याला काकीसंगं सोप्यात बसती, दोघी शेंगा फोडत्यात. संजय तिला मावशी म्हनतो.

माजा पोरगा पुन्याला हाय, चांगला हाय, तिकडं या म्हनतोय. मुमताज जाती महिनाभर, मी चार दिसात परत. कारन आप्पांची नजर गेली आता. साखर हुती, डोळ्यात उतरली. हाताला धरून तळ्यावर न्यावं लागतंय, ते मी नेतो. दोघं बसतो. आप्पा रोज इचारत्यात, दस्त्या, मासं दिसत्यात का रं? मी म्हनतो, न्हाई आप्पा, एक बी दिसंना, सगळी आत झुडपात हाईत. मंग आप्पा हसत्यात आन म्हनत्यात, मंग बेस हाय. पाखराला बी दिसत नसतील.

आसं हाय बगा. एवढंच केलं मी जलमात, दुसरं काय दावायला न्हाई माज्याकडं. अल्ला तुमची लेकरंबाळं सुकात ठिवो, पाऊसपानी वकताला पडो. हां, च्या घ्या, निवंल.